गच्चीवर बेस स्टेशनचा अँटेना नेमका कोठे बसवावा?

मोजणीदार_सातारा यांचा प्रश्न:

नमस्कार. साताऱ्यात माझे खाजगी मोजणीचे छोटे कार्यालय आहे. शहराच्या आसपासच्या पाचसात किलोमीटरमधील प्लॉट, लेआउट आणि रस्त्यांच्या कामांसाठी दर वेळी उघड्यावर तिपाई मांडून बेस उभा करावा लागू नये, म्हणून कार्यालयाच्या गच्चीवर कायमचा आरटीके बेस, म्हणजे ठरावीक जागेवरचा स्थिर उपग्रह-रिसीव्हर, बसवला आहे. त्याने काढलेली करेक्शन (चुकांच्या दुरुस्त्या) मोबाइल डेटावरून रोव्हरला, म्हणजे जागेवर फिरवायच्या रिसीव्हरला जातात. अँटेना सर्वेक्षणाच्या दर्जाचा, अनेक फ्रिक्वेन्सींचा आहे आणि रिसीव्हरही चांगला आहे.

अडचण अशी की, बेसवर तीसच्या आसपास उपग्रह दिसत असूनही रोव्हर मधूनच फिक्स (सेंटिमीटरपर्यंत खात्रीचे स्थान) सोडून फ्लोटवर (कमी खात्रीच्या स्थानावर) जातो. फिक्स मिळालेला असतानाही एकच खुणेचा दगड सकाळी आणि दुपारी मोजला, तर उंचीत तीन ते चार सेंटिमीटरचा फरक पडतो. त्याच दगडावर तोच रोव्हर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्याला (सतत चालू असलेल्या संदर्भ केंद्रांना) जोडला की काम सुरळीत होते, त्यामुळे दोष माझ्या बेसमध्येच आहे याविषयी मला शंका नाही.

गच्चीची रचना सांगतो. जिन्याची खोली गच्चीच्या मध्यावर आहे आणि तिच्या स्लॅबवर हजार लिटरची प्लास्टिकची पाण्याची टाकी आहे. अँटेना या खोलीच्या उत्तरेला, तिच्या भिंतीपासून सुमारे दोन मीटरवर, कठड्याला बांधलेल्या पाइपवर आहे. खोलीचे छत अँटेनापेक्षा दीड मीटर उंच आहे. केबल थेट खालच्या खोलीत उतरते म्हणून ही जागा निवडली होती. पूर्वेला सोलर वॉटर हीटर आहे आणि पश्चिमेला साधारण चाळीस मीटरवरील इमारतीवर मोबाइल टॉवर आहे. अँटेना बदलावा, केबल बदलावी की जागा बदलावी? खर्चाची हरकत नाही, पण तो योग्य ठिकाणी व्हावा.

ध्रुवमत्स्य यांचे उत्तर:

मोजणीदार साहेब, अँटेना बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपण निवडलेली जागा त्या गच्चीवरील बहुधा सर्वांत प्रतिकूल जागा आहे, आणि त्याचे कारण दिशेत आहे.

जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५५ अंशांचा कोन करतात, म्हणजे कोणताही जीपीएस उपग्रह ५५ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडील जागेच्या थेट डोक्यावर कधी जात नाही. सातारा १७.७ अंश उत्तरेला आहे. भूमितीने हिशेब केला तर साताऱ्याहून नेमक्या उत्तरेला पाहताना क्षितिजापासून सुमारे ४३ अंश उंचीपर्यंतचे आकाश जीपीएसपुरते कायमचे रिकामे असते. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांच्या कक्षांचा कोन ५६ अंश असल्यामुळे तिथेही जवळपास हेच चित्र दिसते. रशियाच्या ग्लोनास उपग्रहांच्या कक्षा ६४.८ अंशांच्या असल्याने ही रिकामी जागा सुमारे ३१ अंशांपर्यंत खाली येते. दक्षिणेकडे मात्र उपग्रह जवळजवळ क्षितिजापर्यंत उतरताना दिसतात. शिवाय नाविक आणि गगन या भारतीय प्रणालींचे भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळे आपल्या दृष्टीने ते दक्षिणेच्याच अंगाला आहेत. थोडक्यात, महाराष्ट्रात गच्चीवर एखादा अडथळा टाळता येणारच नसेल, तर तो अँटेनाच्या उत्तरेला असावा. आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे. दोन मीटरवर दीड मीटर उंच भिंत म्हणजे दक्षिणेकडील सुमारे ३७ अंशांचे आकाश झाकले गेले, आणि टाकीने त्यात आणखी भर घातली.

आकाश झाकले जाण्यापेक्षाही त्या भिंतीवरून होणारे परावर्तन अधिक त्रासदायक आहे. उपग्रहाचा सिग्नल उजव्या हाताचे वर्तुळाकार ध्रुवीकरण घेऊन येतो. एकदा परावर्तित झाला की तो बराचसा डाव्या हाताचा होतो, आणि चांगला अँटेना तो दाबून टाकतो. पण ही दाबण्याची क्षमता माथ्याकडे उत्तम असते आणि बाजूने, खालून येणाऱ्या सिग्नलबाबत कमी होत जाते. समोर भिंत असेल, तर परावर्तित सिग्नल बाजूनेच आत शिरतो. एल१ या जीपीएसच्या मुख्य सिग्नलची तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर आहे आणि एकाच परावर्तनामुळे कॅरिअर फेजमध्ये (सिग्नलच्या मूळ लहरीवरून केलेल्या मोजमापात) येऊ शकणारी चूक तिच्या एक चतुर्थांशापर्यंत, म्हणजे पावणेपाच सेंटिमीटरपर्यंत जाते. त्या लहरीवर बसवलेल्या कोडवरून केलेल्या ढोबळ मोजमापातील चूक तर मीटरांत मोजावी लागते. आपल्या उंचीतील तीन-चार सेंटिमीटरच्या फरकाचा उगम इथेच असावा, असे मला वाटते. बेसवरील चूक करेक्शनमधून प्रत्येक रोव्हरकडे जाते, हेही लक्षात घ्यावे. रोव्हर कितीही मोकळ्या माळावर उभा असला तरी त्यातून सुटत नाही.

टाकीविषयी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रिकामी प्लास्टिकची टाकी या फ्रिक्वेन्सीला फारशी आड येत नाही. पाणी मात्र सिग्नल शोषतेही आणि परावर्तितही करते. त्यामुळे सकाळी मोटर चालवून भरलेली टाकी आणि दुपारी अर्धी झालेली टाकी हे अँटेनाच्या दृष्टीने दोन वेगळे अडथळे असतात.

माझी सूचना अशी आहे. जिन्याच्या खोलीच्या दक्षिण भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, शक्यतो कॉलमच्या रेषेत, जाड जीआय पाइप उभा करावा आणि अँटेना टाकीच्या झाकणापेक्षा किमान अर्धा मीटर वर न्यावा. टाकी आपोआप उत्तरेला जाईल आणि अँटेनाच्या खाली राहील. सोलर हीटर त्याहून बराच खाली राहतो, त्यामुळे त्याची चिंता उरत नाही. मोजमापाचा साधा नियम सांगायचा, तर अडथळा १५ अंशांच्या खाली ठेवण्यासाठी तो अँटेनापेक्षा जितका उंच असेल त्याच्या पावणेचार पट दूर असावा लागतो, आणि १० अंशांच्या खाली ठेवण्यासाठी पावणेसहा पट. शहरातील गच्चीवर एवढे अंतर मिळत नाही, म्हणून दूर जाण्यापेक्षा वर जाणे स्वस्त पडते.

कोॲक्स_काका यांचे उत्तर:

वरील उत्तराशी सहमत आहे. जागा बदलताना केबलची लांबी वाढेल, म्हणून त्याविषयी लिहितो.

उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत सिग्नल उणे १२८ डीबीएमच्या आसपास उरतो, जो रिसीव्हरच्या उष्णताजन्य गोंगाटाखाली दबलेला असतो. म्हणूनच अँटेनाच्या आतच कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. त्या ॲम्प्लिफायरने सिग्नल आधी उचलून धरला की पुढील केबलमधील तोटा बऱ्याच अंशी निरुपद्रवी ठरतो. मात्र केबलने ती सगळी वाढ खाऊन टाकली, तर ॲम्प्लिफायर असून नसल्यासारखा होतो. बारीक आरजी-५८ केबलमध्ये एल१ वर मीटरमागे साधारण पाऊण डेसिबल जातो. पंचवीस मीटर लांबीला सुमारे १९ डेसिबल झाले. आपल्या अँटेनाची वाढ ३० डेसिबल असेल, तर हाती ११ उरतात, आणि अनेक रिसीव्हरांना १५ ते २० तरी हवे असतात. एलएमआर-४०० प्रकारच्या जाड केबलमध्ये तेवढ्याच लांबीला चार-साडेचार डेसिबल जातात. ४० डेसिबलचा अँटेना असेल, तर मधल्या जाडीची एलएमआर-२४० प्रकारची केबलही पुरेल. दोन्ही आकडे अँटेनाच्या आणि रिसीव्हरच्या माहितीपत्रकात दिलेले असतात. ते पाहूनच खरेदी करावी.

टीव्हीची ७५ ओहमची केबल घरात शिल्लक आहे म्हणून वापरण्याचा मोह टाळावा. सिग्नल त्यातून जाईलही, परंतु कनेक्टर जुळवण्यासाठी जे जोड द्यावे लागतात, ते पहिल्याच पावसाळ्यात पाणी धरतात. मधे जोड न देता एकसंध केबल घ्यावी. पुढे दुसरा रिसीव्हर जोडण्यासाठी स्प्लिटर बसवायचा झाला, तर त्याच्या एकाच वाटेने अँटेनाला वीज जाईल आणि बाकीच्या वाटांवर डीसी अडवलेला असेल, असाच स्प्लिटर निवडावा; अन्यथा दोन रिसीव्हर एकमेकांच्या विजेत ढवळाढवळ करतात.

रानवारा यांचे उत्तर:

अँटेनाखाली ॲल्युमिनियमचा मोठा गोल पत्रा बसवला तर खालून येणारे परावर्तन थांबते, असे मी ट्रॅक्टरवरील अँटेनाबाबत पाहिले आहे. जागा न बदलता हा उपाय करून पाहायला काय हरकत आहे?

ध्रुवमत्स्य यांचे उत्तर:

रानवारा, ट्रॅक्टरवर किंवा गाडीवर लोहचुंबकाने चिकटणारा जो छोटा पॅच अँटेना असतो, त्याची रचनाच खाली धातूचा सपाट पृष्ठभाग आहे असे गृहीत धरून केलेली असते. त्याला पत्रा दिला की फरक लगेच दिसतो, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. सर्वेक्षणाच्या अँटेनामध्ये मात्र ही सोय आतच केलेली असते आणि त्याच्या फेज सेंटरचे (अँटेनाच्या ज्या बिंदूपाशी सिग्नल मोजला जातो त्याचे) कॅलिब्रेशन त्याच स्थितीत झालेले असते. बाहेरून पत्रा जोडला की ते कॅलिब्रेशन लागू पडत नाही. शिवाय इथला मुख्य त्रास बाजूच्या भिंतीकडून आहे, आणि खालच्या पत्र्याने भिंत झाकली जात नाही.

मोजणीदार_सातारा:

सर्वांचे आभार. दरम्यान बेसच्या नोंदी तपासल्या. फ्लोट होण्याचे प्रसंग दोन प्रकारचे दिसतात. एक प्रसंग सकाळी साडेदहाच्या सुमारास येतो, आणि सलग नोंदी पाहिल्या तर तो रोज थोडा थोडा अलीकडे सरकताना दिसतो. दुसरा रात्री आठनंतरचा आहे; तो रोज येत नाही, पण येतो तेव्हा तासभर टिकतो आणि अनेक दिशांचे उपग्रह एकदम डळमळतात. पश्चिमेच्या मोबाइल टॉवरचा यात हात असेल का?

आयनमंडल यांचे उत्तर:

आपण नोंदी पाहिल्यात हे फार चांगले केले, कारण या दोन प्रसंगांची कारणे वेगवेगळी आहेत.

जीपीएस उपग्रह ११ तास ५८ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे आकाशातील त्यांची मांडणी रोज सुमारे चार मिनिटे आधी तशीच्या तशी परत येते. भिंत, टाकी किंवा पत्रा यांमुळे होणारी चूक त्या मांडणीला बांधलेली असते. म्हणून ती रोज चार-चार मिनिटांनी अलीकडे सरकते. आपला सकाळचा प्रसंग याच जातीचा आहे. ही तपासणी करताना केवळ जीपीएसचे उपग्रह विचारात घ्यावेत, कारण ग्लोनासची मांडणी आठ आणि गॅलिलिओची दहा नाक्षत्र दिवसांनी (प्रत्येकी सुमारे २३ तास ५६ मिनिटांच्या) परत येते आणि सगळे एकत्र पाहिले की चित्र गढूळ होते. टॉवर किंवा शेजारच्या एखाद्या सदोष उपकरणाचा व्यत्यय घड्याळाप्रमाणे किंवा त्या उपकरणाच्या वापराप्रमाणे येतो. तो नक्षत्रांप्रमाणे सरकत नाही.

रात्रीच्या प्रसंगाला आपला अँटेना जबाबदार नसण्याचीच शक्यता अधिक आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि सूर्यास्तानंतर त्या पट्ट्यातील आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात. त्यांचे पसारे महाराष्ट्राच्या अक्षांशांपर्यंत आणि त्याही उत्तरेला पोहोचतात. त्यातून जाताना सिग्नलची तीव्रता आणि फेज झपाट्याने हेलकावे खातात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत, आणि सौरचक्राच्या शिखराजवळ, हा प्रकार वाढतो. पनवेल येथे मुख्यालय असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था तिरुनेलवेली आणि कोल्हापूर येथील आपल्या केंद्रांतून वरच्या वातावरणाची निरीक्षणे करत आली आहे. म्हणजे हा विषय आपल्या दाराशीच अभ्यासला जात आहे. अँटेना कितीही उत्तम जागी बसवला तरी या रात्री टळणार नाहीत. महत्त्वाची मोजणी सूर्यास्तापूर्वी उरकणे हाच त्यावरील व्यवहार्य तोडगा आहे, आणि मोजणीचे काम तसेही उजेडातच होते.

टॉवरविषयी मी सरसकट नाही म्हणणार नाही. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात टॉवरचे प्रक्षेपण ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ या दरम्यान असते आणि त्यातील ७८७.७१ ची दुप्पट बरोबर १५७५.४२, म्हणजे एल१ ची मध्य फ्रिक्वेन्सी होते. टॉवरवरील फिल्टर ही दुप्पट फ्रिक्वेन्सी बाहेर पडू देत नाहीत, परंतु जवळपासच्या गंजलेल्या धातूच्या जोडांत ती नव्याने तयार होऊ शकते. शहानिशा करण्याची पद्धत सोपी आहे: प्रत्येक उपग्रहाचे सिग्नल-गोंगाट गुणोत्तर पाहावे. माथ्याजवळच्या उपग्रहांचे एल१ वरील गुणोत्तर ४५ डेसिबल-हर्ट्झच्या वर असेल, तर टॉवरची आणि केबलची चिंता सोडून द्यावी. सगळ्याच दिशांचे आकडे सारखेच पडलेले असतील, तर केबल, कनेक्टर किंवा व्यत्यय यांचा संशय घ्यावा. एका विशिष्ट दिशेचेच आकडे पडत असतील किंवा उपग्रह सरकेल तसे लाटेसारखे वरखाली होत असतील, तर अडथळा किंवा परावर्तन समजावे.

मोजणीदार_सातारा:

माथ्यावरचे उपग्रह ४७ ते ५० दाखवतात. दक्षिणेकडचे तीस-पस्तीसमध्ये लाटा खातात. म्हणजे निर्णय झाला. अँटेना टाकीच्या दक्षिणेला नेतो. पाइप, वीज आणि पावसाळा यांबाबत कोणी अनुभवाने सांगितले तर बरे होईल.

घाटमाथा यांचे उत्तर:

पाइप दोन इंची घ्यावा आणि भिंतीला दोन ठिकाणी, एकमेकांपासून शक्य तितक्या अंतरावर, क्लॅम्पने पकडावा. क्लॅम्पच्या वर मोकळा राहणारा भाग दीड-दोन मीटरहून अधिक असेल तर तीन बाजूंनी ताण द्यावेत. उन्हाने पाइप वाढतो ही भीती फारशी खरी नाही. तीन मीटरचा लोखंडी पाइप वीस अंशांच्या फरकाने पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. वाऱ्याने तो डोलला तर मात्र सेंटिमीटरची चूक सहज होते, आणि साताऱ्यात आषाढातील वारा कसा असतो हे आपल्याला सांगायला नको. विटांच्या कठड्यावर भरवसा ठेवू नये. स्लॅबला भोके पाडू नयेत, कारण वॉटरप्रूफिंग एकदा फुटले की अँटेना उत्तम चालतो आणि जिन्यात पाणी गळते. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या कॉलमच्या सळया त्या बाजूला असतील, तर त्या अँटेनाच्या पातळीच्या खाली आहेत ना, एवढे पाहावे.

विजेबाबत कसूर करू नये. चैत्र-वैशाखातील वळवाच्या पावसात पश्चिम महाराष्ट्रात विजा पडतात आणि टाकीच्या वर गेलेला पाइप ही त्या घराची सर्वांत उंच वस्तू होते. इमारतीवर तडितरक्षक नसेल तर तो बसवावा. त्याचा दांडा अँटेनापेक्षा उंच आणि अँटेनाच्या उत्तरेला ठेवावा, म्हणजे ध्रुवमत्स्य यांनी सांगितलेल्या रिकाम्या आकाशातच तो उभा राहील. पाइपालाही अर्थिंग द्यावे. केबल इमारतीत शिरते तिथे डीसी पुढे जाऊ देणारा सर्ज अरेस्टर बसवावा आणि त्याचे अर्थिंग इमारतीच्या विजेच्या अर्थिंगशी जोडलेले असावे. दोन वेगळी अर्थिंग ठेवली तर वीज जवळपास पडली तरी त्यांच्यातील दाबाचा फरक थेट रिसीव्हरमधून वाट काढतो. थेट पडलेल्या विजेपासून काहीच वाचत नाही, हेही खरे आहे.

पावसाळ्यासाठी अँटेनाखालच्या कनेक्टरवर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबराची टेप ताणून गुंडाळावी आणि वरून उन्हाला टिकणारी काळी टेप लावावी. गुंडाळताना खालून वर यावे, म्हणजे टेपचे पदर कौलांसारखे पाणी खाली सोडतात. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, पाणी तिथूनच ठिबकून जाते. अँटेनाच्या टोपीवर ॲल्युमिनियमचा अंश असलेला चंदेरी रंग कधीही लावू नये. कावळे बसू नयेत म्हणून खिळे लावायचेच असतील तर प्लास्टिकचे लावावेत. आणि वानरे! आमच्याकडे लोंबती केबल म्हणजे त्यांना झोका खेळण्याचे आमंत्रणच वाटते, म्हणून सगळी केबल पीव्हीसी पाइपातून घ्यावी.

ध्रुवमत्स्य यांचे उत्तर:

घाटमाथा यांनी सगळे सांगितले आहे. अँटेना हलवल्यानंतरच्या दोन-तीन गोष्टी तेवढ्या राहतात. अँटेनावर उत्तरेची खूण असते, ती खऱ्या उत्तरेकडे करावी, कारण फेज सेंटरचे कॅलिब्रेशन दिशेनुसार दिलेले असते. रिसीव्हरमध्ये अँटेनाचे नेमके मॉडेल निवडावे आणि उंची अँटेनाच्या तळाच्या संदर्भबिंदूपासून मोजावी. टोपीच्या मध्यापासून मोजलेली उंची आणि तळापासून मोजलेली उंची यांची गल्लत झाली, तर सगळ्या कामांत काही सेंटिमीटरचा एकसारखा फरक शिरतो आणि एकसारखा असल्यामुळेच तो लवकर लक्षात येत नाही. नव्या जागेचे निर्देशांक कॉर्स जाळ्याच्या आधारे, दिवसभराचे स्थिर निरीक्षण घेऊन नव्याने ठरवावेत. उपग्रहाच्या क्षितिजापासूनच्या किमान उंचीची मर्यादा (जिच्या खालचे उपग्रह रिसीव्हर वगळतो) १० अंशांवर ठेवून सुरुवात करावी, आणि सोलर हीटरच्या दिशेचे आकडे डळमळताना दिसले तरच ती १५ वर न्यावी. जुन्या जागेचा बेस क्रमांक नव्या जागेला देऊ नये. अर्धवट राहिलेल्या कामांच्या फायली दोन वेगळ्या बेसवर आहेत हे सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही.